पहिलं संशोधन करताना: खान्देशातल्या नव्या अभ्यासकांसाठी

चाळीसगाव तालुक्यात पाटण्याच्या देवळात शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्या मठाला दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. गणिताच्या इतिहासाचा माणूस तिथे गेला तर भास्कराचार्यांची वंशावळ वाचतो. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे, म्हणून भाषेचा अभ्यासक त्यातली विभक्तिरूपं टिपतो. बाजारात येणाऱ्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं हेही त्याच मराठी ओळींत आहे, तेव्हा व्यापाराचा इतिहास लिहिणारा तिथेच थांबतो. आणि याच पाटण्याच्या शिवारात १९७० च्या दशकातल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं कोरीव रेघांचं कवच सापडलं. कर्बमापनाने त्याचं वय सुमारे २५,००० वर्षं निघालं, ते प्रयोगशाळेत.

एकाच गावात एवढी कामं, आणि प्रत्येकाचं हत्यार वेगळं. मी खान्देशातल्या एका महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी कोणीतरी येऊन म्हणतं, "मॅडम, मला रिसर्च करायचाय, विषय द्या." बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि परीक्षानळी असते, नाहीतर भरून घ्यायची प्रश्नावली. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत आलेली ही मुलं असतात. त्यांना जे समोर बसून सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

पायरी १: विषय नको, प्रश्न लिहा

"केळी" हा विषय झाला. "आमच्या शिवारात पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेत हरण्या (केळीचा विषाणूजन्य रोग) जास्त येतो, की पावसाळा संपताना लावलेल्या कांदेबागेत?" हा प्रश्न झाला. "अहिराणी" हा विषय. "अमळनेरहून यावलकडे जाताना 'तो करस' म्हणणारी गावं कुठे संपतात आणि 'तो करतो' म्हणणारी कुठून सुरू होतात?" हा प्रश्न. "पाणीटंचाई" हा विषय, आणि "नाल्यावर बंधारा झाल्यावर आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात किती परस खोल असतं?" हा प्रश्न.

वहीच्या एका पानावर एकच प्रश्न लिहा. त्याखाली तुमचा अंदाज लिहा. आणि त्याखाली, सगळ्यात महत्त्वाचं, काय दिसलं तर तो अंदाज चुकीचा ठरेल ते लिहा. ही तिसरी ओळ सुचत नसेल तर प्रश्न अजून पिकलेला नाही. घाई करू नका, आठवडा लागला तरी चालेल. मी विद्यार्थ्यांना गावातच प्रश्न शोधायला सांगते, कारण रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीची खोट लवकर कळते आणि एसटीचं भाडंही वाचतं.

पायरी २: तुमच्या प्रश्नाला कोणत्या जातीचा पुरावा चालतो ते ओळखा

इथे सावकाश जाऊ, कारण नव्या माणसाची सर्वांत जास्त दमछाक इथेच होते. प्रत्येक शास्त्राचा पुरावा वेगळा असतो. एका शास्त्रात जो पुरावा पक्का, तो दुसऱ्यात कच्चासुद्धा धरत नाहीत.

शेतीपासून सुरुवात करते. रावेरकडचा एखादा शेतकरी सांगतो, "नवीन खत टाकलं आणि रास, म्हणजे घडाचं सरासरी वजन, चार किलोनं वाढली." त्याचा अनुभव खरा आहे, पण प्रयोग झालेला नाही. नवीन खत बांधाजवळच्या काळ्या जमिनीत पडलं असेल, आणि जुनं खत ठिबकच्या नळीच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाणी कमी पोचतं. म्हणून शेतीशास्त्रात प्लॉटचे पट्टे पाडतात. जमीन जिकडे उतरते त्या दिशेने चढाकडून उताराकडे एकामागून एक पट्टे येतील असे ते आखतात, म्हणजे एका पट्ट्यातली जमीन जवळपास सारखी राहते. प्रत्येक पट्ट्यात दोन्ही खतं टाकतात आणि कोणतं कुठे जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. असे निदान तीन-चार पट्टे लागतात. कडेच्या ओळी मोजणीत धरत नाहीत, कारण कडेच्या झाडाला ऊन आणि जागा जास्त मिळते. निसवण (घड बाहेर पडणं) कधी झाली, घडाला फण्या किती, कापणीला वजन किती, हे झाडागणिक लिहितात. असं केल्यावरच फरक खताचा की जमिनीचा हे सांगता येतं. जळगावच्या केळी संशोधन केंद्रात अशी प्रात्यक्षिकं पाहता येतात. एकदा जाऊन या, शंभर पानं वाचण्याचं काम होईल.

भूशास्त्रात चिठ्ठ्या टाकायची सोयच नसते. दोंडाईचा, साक्री, नंदुरबार या भागात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंतीसारख्या टेकड्या दिसतात. जमिनीच्या भेगांत लाव्हा चढून तिथेच गोठला, त्या या भित्ती. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ती घटना कोणी पुन्हा घडवून दाखवू शकत नाही. मग अभ्यासक होकायंत्राने शेकडो भित्तींची दिशा आणि जाडी मोजतो, दगडाची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, आणि त्या काळी जमीन कोणत्या दिशेने ताणली गेली असेल याचा तर्क बांधतो. एकदाच घडलेल्या गोष्टीच्या खुणा वाचायच्या, आणि त्यावरून मागचं उलगडायचं.

इतिहासाचं कामही असंच, फक्त खुणा कागदावर असतात. वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे, आणि रामदासी बाडं जपणारं समर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातच आहे. तिथे पहिल्यांदा मोडी कागद हातात घेतला की शब्द तुटतच नाहीत असं वाटतं, कारण बोरू न उचलता लिहिलेलं असतं. आधी तारीख शोधा. समजा "खमस सबैन मया व अलफ" असं लिहिलंय. ते अरबी आकडे आहेत: पाच, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११७५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७४. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून कागद जानेवारीनंतरचा असेल तर १७७५ धरायचं. पुढे "छ" लिहून आकडा आणि महिना असतो, तो चंद्राचा दिवस. एवढं जमलं की पत्राला काळ मिळतो. मग पुढचे प्रश्न येतात: हे कोणी कोणाला लिहिलं, लिहिणाऱ्याला काय लपवायचं होतं, आणि हीच गोष्ट दुसऱ्या बाजूच्या कागदात कशी आली आहे? एका पत्राच्या जोरावर निष्कर्ष काढू नका. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग भरत असतात. इतिहास घेणाऱ्या प्रत्येकाने ते पदवीच्या काळातच करावेत, असं माझं ठाम मत आहे.

भाषेचा पुरावा तोंडात असतो. तुम्ही लोकांना "तुम्ही 'करस' म्हणता का?" असं विचारलंत की उत्तर बिघडलंच. शिकलेला माणूस लाजून "नाही" म्हणतो. त्याऐवजी "तुमचा मुलगा सध्या काय करतो?" असं विचारा आणि त्याला बोलू द्या. तो 'अंडोर' म्हणतो की 'पोरगा', क्रियापद कसं चालवतो, ते परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि घरी येऊन उच्चारासकट उतरवा. म्हातारी बाई, तिची सून आणि शाळेत जाणारी नात, तिघींचं वेगवेगळं ऐका. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली भाषांबरोबर खानदेशी आली आहे. तो भाग १९०७ चा आहे. तेव्हाचे नमुने आणि आजचं बोलणं शेजारी ठेवलं तरी एक प्रबंध उभा राहील. बहिणाबाईंची गाणी लेवा बोलीत कशी आहेत आणि तीच ओवी अहिराणीत म्हटली तर तिची लय कुठे बदलते, हेही काम कोणी मनावर घेतलं तर मला आनंद होईल.

आता समाजाच्या अभ्यासाबद्दल, आणि इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर ऊसतोडीच्या स्थलांतराची प्रश्नावली घेऊन गेले होते. प्रश्न होता, "आपल्या कुटुंबाचा वार्षिक स्थलांतर कालावधी किती?" घरामागून घर "चार महिने" हेच उत्तर. मी खूश होते, आकडे किती छान जुळताहेत म्हणून. शेवटच्या दिवशी एका घरी भाकरी खायला बसले. घरच्या आजी पावरी बोलीत बोलत होत्या आणि त्यांचा नातू मला मराठीत सांगत होता. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत जायचं, होळीला काहीही झालं तरी घरी यायचं, आणि होळी झाली की कितीतरी जण पुन्हा निघायचे, पाऊस पडेपर्यंत. लोकांनी मला फक्त पहिली फेरी सांगितली होती. ते खोटं बोलले नव्हते. "स्थलांतर" या शब्दाने त्यांच्या वर्षाचा निम्मा भागच पकडला होता. त्यांचं वर्ष होळीभोवती फिरतं आणि मी जानेवारी ते डिसेंबर मोजत होते. त्यानंतर मी कोणत्याही गावात आधी चार दिवस नुसती बसते, आणि प्रश्न तिथल्याच माणसांच्या शब्दांत तयार करते. मुलाखत, वस्तीत राहून केलेलं निरीक्षण, आकड्यांची पाहणी या तीन वेगळ्या पद्धती आहेत. पहिल्या दोन केल्याशिवाय तिसरी करू नका.

गणित आणि तत्त्वज्ञानात पाहणी, उत्खनन, मुलाखत यांपैकी काहीच नसतं. तिथे पुरावा म्हणजे युक्तिवाद. अमळनेरला प्रताप शेठजींच्या पुढाकाराने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, आणि देशातले नामवंत तत्त्वज्ञ या तालुक्याच्या गावी येऊन वेदान्तावर काम करून गेले. तिथे चालणारा प्रश्न "लोकांना काय वाटतं?" असा नसतो. "हे मानलं तर पुढचं मानावंच लागतं का?" असा असतो. ज्याला एका वाक्यावर तीन दिवस विचार करायला आवडतं, त्याने हा रस्ता धरावा. खर्च कागद-पेन्सिलीचा.

आणि कधी कधी सगळ्या जातींचे पुरावे एकाच कामात लागतात. रानपिंगळ्याची गोष्ट यासाठीच मी प्रत्येक वर्गात सांगते. दिवसा दिसणारा हा छोटा पिंगळा. १८७२ ते १८८४ या काळात त्याचे जेमतेम सात नमुने मिळाले, त्यातले बरेचसे खान्देशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने गोळा केलेले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. एकच अपवाद होता: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी-पक्षिअभ्यासकाचा नमुना, चिठ्ठीवर १९१४ आणि गुजरातेतलं मांडवी. नंतर शोधायला गेलेल्यांनी ही चिठ्ठी खरी मानली. पॅमेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा कळलं की १९१४ चा म्हणून ठेवलेला पक्षी डेव्हिडसनचाच होता. चोरलेला, पुन्हा भरलेला, खोटी चिठ्ठी लावलेला. कातडं तयार करायची डेव्हिडसनची ढब त्यात शिल्लक होती. मग खोटी जागा सोडून खऱ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना पक्षी जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. जुनी नोंद तपासणं हे इतिहासकाराचं काम, टाके आणि कापूस पाहणं हे न्यायवैद्यकाचं, आणि पहाटे सागाच्या रानात उभं राहणं पक्षिशास्त्रज्ञाचं. तिन्ही एकत्र आली म्हणून पक्षी सापडला.

पायरी ३: आधी काय झालंय ते वाचा

भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आपल्या विषयातले तीन प्रबंध उघडा. सगळे वाचायचे नाहीत, प्रत्येकाचं शेवटचं प्रकरण वाचा, तिथे पुढे काय करायचं राहिलं ते लिहिलेलं असतं. खान्देशावर काहीही करायचं असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० चा बारावा खंड उघडाच. तो इंग्रज अंमलदारांच्या नजरेतून लिहिलाय, विशेषतः भिल्लांविषयीची पानं सावधपणे वाचा, पण पिकं, बाजार, रस्ते यांच्या नोंदी दुसरीकडे मिळत नाहीत. विहिरींसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींची वर्षातून चार वेळा घेतलेली मापं असतात. स्वतः दोरी सोडण्याआधी ती मागा.

पायरी ४: लहान चाचणी आणि एक वही

पन्नास गावांआधी दोन गावं करा. शंभर झाडांआधी दहा झाडं. चाचणीत बिघडतं ते स्वस्तात बिघडतं. वही बांधलेली असावी, सुटे कागद नकोत. तारीख, वेळ, जागा, हवा, बरोबर कोण होतं हे लिहा, आणि चुकलं तर एका रेघेने खोडा, मूळ आकडा वाचता आला पाहिजे. फोनमधल्या नोंदींची दर रविवारी दुसरीकडे प्रत करा.

पायरी ५: परवानगी

ही पायरी लोक शेवटी ठेवतात आणि मग अडकतात. यावल किंवा अनेर अभयारण्यात काम असेल तर वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती यायला महिने जातात. संरक्षित प्राण्याला पकडणं किंवा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पुरावस्तूंचा कायदाही १९७२ चाच. तापीकाठी प्रकाशे किंवा सावळद्याला, गिरणेकाठी बहाळला रंगीत खापरं वर आलेली दिसतील. उचलू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, जागा लिहा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून हललेलं खापर अभ्यासाच्या दृष्टीने निम्मं मेलेलं असतं.

माणसांच्या बाबतीत आणखी जपा. नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर काम करायची इच्छा अनेकांना असते, आणि काम खरंच गरजेचं आहे. पण रक्ताचा नमुना संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय कधीही घ्यायचा नाही. मुलीच्या रक्तात काय निघालं हे गावात फुटलं तर तिची सोयरीक मोडू शकते. संमती तिच्या भाषेत समजावून घ्यायची, "नाही" म्हणायची मोकळीक द्यायची, आणि कागदावर नावाऐवजी क्रमांक लिहायचा.

पायरी ६: पदवी, मार्गदर्शक, पैसे

थोडक्यात सांगते. पदवीला असाल तर महाविद्यालयात 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेची चौकशी करा. मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, शेती-पशुपालन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान, वैद्यक-औषधनिर्माण असे तिचे सहा गट आहेत. नुसती ही यादी पाहूनही संशोधन किती दिशांना जातं ते कळतं. आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी आहे. पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, त्यात किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क. प्रवेशाची पद्धत बदलत राहते, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मार्गदर्शकाकडे एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६ आणि सहायकाला ४ विद्यार्थीच घेता येतात, तेव्हा जागा आहे का ते आधी विचारा. आणि त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचारा, सर किंवा मॅडम मसुदा किती दिवसांत वाचून देतात? माझ्या मते मार्गदर्शकाच्या नावापेक्षा हे उत्तर महत्त्वाचं. शिष्यवृत्तीसाठी नेट परीक्षेबरोबरच बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

पायरी ७: लिहा, छापा, परत द्या

दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणात घ्या आणि नाव द्या. नियमाने १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पण त्या आकड्याकडे पाहून लिहू नका. माझ्या एका विद्यार्थिनीने घाईत पैसे भरून एका नियतकालिकात लेख दिला. चार दिवसांत छापून आला, कोणी वाचल्याची एकही खूण नव्हती, आणि मुलाखतीत तो लेख कोणी धरला नाही. तिची दोन वर्षांची मेहनत त्यात होती, मला अजून वाईट वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे "यादीत आहे" या शब्दावर आता विसंबता येत नाही. नियतकालिकाचे मागचे दोन अंक वाचा, संपादक मंडळातल्या एखाद्याला ईमेल करून खात्री करा. परीक्षकांचे शेरे येत नसतील तर लेख परत घ्या.

छापून झालं की एका पानाचा मराठी गोषवारा करा, आकडे कमी आणि ठळक अक्षरं. विहिरीचं काम असेल तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. केळीचं असेल तर ज्याच्या बागेत झाडं मोजली त्याच्या हातात द्या आणि त्याच्यासमोर वाचा. बोलीचं असेल तर जिचं बोलणं घेतलं त्या म्हातारीच्या नातवाच्या फोनवर रेकॉर्डिंग पाठवा. धडगावच्या त्या पाड्यावर मी दुसऱ्यांदा गेले ते होळीच्या आधी, सुधारलेला तक्ता घेऊन. आजींच्या नातवाने तो पावरीत वाचून दाखवला, आणि मागे बसलेल्या एका बाईने तिसरी फेरी सांगितली, जी माझ्या तक्त्यात नव्हती.